बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "सॉफ्टवेअर टेस्टिंगची चांगली नोकरी सोडून आता चित्रं काढणार का?" तेव्हा ऑफिसात होते, धड बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

मला जायचंय ते यूएक्स डिझाइनमध्ये, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं आखण्याच्या कामात. त्यात स्क्रीन आखायचे असतात, पण ते नंतर. आधी माणसाशेजारी बसायचं आणि तो ॲप कसं वापरतो ते गप्प राहून बघायचं. माझ्या घरमालकीण आजींना मोबाईलवरून विजेचं बिल भरायचं होतं, तेव्हा मी तशीच बसले होते. ग्राहक क्रमांक बारा आकडी. कागदावर बोट ठेवून त्यांनी एकेक आकडा टाकला, रक्कम टाकली आणि थांबल्या. 'पुढे'चं बटण कीबोर्डखाली झाकलं गेलं होतं. त्यांना वाटलं मोबाईल अडकला. मागे गेल्या, तर टाकलेलं सगळं पुसलं गेलं. दुसऱ्यांदा आकडे टाकताना, पैसे दोनदा तर जाणार नाहीत ना, असं त्या सारखं विचारत होत्या. आई, मला बटण दाखवायचा फार मोह होत होता. पण दाखवलं असतं तर मी नसताना त्या कुठे अडतात ते कळलंच नसतं.

नंतर मी तो स्क्रीन फिग्मात, म्हणजे स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नव्याने मांडला. बटण कीबोर्डच्या वर आणलं, मागे गेलं तरी आकडे तसेच राहतील असं केलं आणि रकमेखाली ती मराठी अक्षरांत लिहिली. आजींनी "एक हजार दोनशे चाळीस रुपये" असं मोठ्याने वाचलं आणि मला न विचारता बटण दाबलं. मग तेच वॉचमनकाकांना आणि डबा देणाऱ्या मावशींनाही करायला दिलं. जेकब निल्सन या तज्ज्ञांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. मला तर तिसऱ्या माणसापासूनच त्याच त्या अडचणी पुन्हा दिसायला लागल्या.

बाबा, एसटीच्या आरक्षण खिडकीवर असताना तुम्ही म्हाताऱ्या माणसांना तिकिटामागे सीट नंबर आणि गाडीची वेळ पेनाने मोठ्या अक्षरात लिहून द्यायचात. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. मला जे करायचंय ते हेच आहे.

डिग्रीचं म्हणाल तर रीतसर वाट आहे. पवईच्या आयआयटीत आयडीसी ही डिझाइनची शाळा १९६९ पासून आहे. सीड ही प्रवेश परीक्षा देऊन तिथे एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली मास्टर्स पदवी, करता येते. आई, 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु उघडणारा तुझ्या मोबाईलमधला स्वरचक्र कीबोर्ड तिथेच तयार झाला, प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. तू वर्गात शिकवलीस तीच बाराखडी! पण पूर्ण वेळ दोन वर्षं शिकायला बसणं आत्ता मला परवडणारं नाही. लाखभर फी घेऊन नोकरीची हमी देणारे क्लासही आहेत. चौकशी केली, मन धजावलं नाही.

या क्षेत्रात नवख्यांना जागा कमी, आणि जिथे बघावं तिथे दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्यातून वाट निघते ती पोर्टफोलिओने, म्हणजे आपण केलेल्या कामाच्या मांडणीने: कुणाला पाहिलं, ते कुठे अडले, काय बदललं, त्यानंतर काय झालं. मुलाखतीत मार्कशीट कुणी मागितली नाही. आजींच्या बिलावरच बराच वेळ प्रश्न विचारले, रक्कम अक्षरांत का लिहिली, मोठ्या आकड्यांत का नाही, असे. आणि काल होकार आला. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी आहे.

पहिलं वर्षभर पगार आतापेक्षा कमी असेल, हे लपवत नाही. घराचा हप्ता मात्र मीच भरणार, तो हिशेब करूनच हो म्हटलंय. बाबा, तुमची काळजी मला कळते, तरी या वेळी माझ्या बाजूने उभे राहा. मला हे काम मनापासून हवंय.

रुजू व्हायच्या आधी चार दिवस घरी येतेय. आई, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला तेव्हाच मोबाईलवरून करू. आधारला जोडलेलं सिमकार्ड तेवढं चालू आहे ना, बघून ठेव.

तुमची लेक