सीपीआरचं कार्ड तपासून तर बघा
संपादक महोदय, स.न.वि.वि.
आपल्या बडोद्यात जिमवाले, शाळावाले हल्ली सीपीआर (हृदय थांबलं की छाती दाबून जीव वाचवायची पद्धत) शिकलेला माणूस मागतात, चांगलंच आहे, पण कोर्स केल्याच्या कार्डाची झेरॉक्स घेऊन फाईलला लावली की झालं! अहो, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतलं नाव कुणीही बदलू शकतं. असं कार्ड देणाऱ्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ई-कार्डवर कोड न् क्यूआर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकला की कार्ड खरं की खोटं ते लगेच कळतं, आणि ते चालतं फक्त 2 वर्षं, तेव्हा तारीखही बघा. कार्ड सापडत नसेल तर कोर्सला दिलेला ईमेल स्पॅमसकट शोधा, लिंक तिथेच आलेली असते. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची असते, ते खरंच शिकलेलाच माणूस हवा. गरब्याच्या आयोजकांनी तरी नवरात्रीआधी स्वयंसेवकांची कार्डं अशी तपासून घ्यावीत.
एक वाचक, दांडियाबाजार, बडोदा