आमची निम्मी वाडी फेब्रुवारीत कारखान्यावर असते, तिला मोजणार कोण?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात रस्त्यांच्या बातम्या येतात, निधी, टेंडर, खड्डे सगळं असतं, पण गावाला रस्ता मिळणार का नाही हे आधी माणसांच्या आकड्यावर ठरतं हे कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीतला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली तेव्हापासून नियम असा की सपाटीवरच्या वस्तीत 500 माणसं पाहिजेत, आदिवासी वगैरे खास भागात 250. आम्हाला 500 चाच नियम लागतो असं सांगितलं. 2024 ला योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला त्यालाही आकडा 2011 च्या जनगणनेचाच धरलाय, आणि त्यात आमची वाडी पाचशेच्या आत आहे.

आता हा आकडा आला कुठून ते बघा. 2011 ची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीला. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. दसरा दिवाळी झाली की मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेले सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रकात बसून जातात, सोबत बैलं, भांडी, लहान लेकरं, आणि पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय, कुणी परत येत नाही. त्या दिवसात आमच्या आळीला आलात तर ओळीनं कुलपं दिसतील, एखाद्या ओट्यावर म्हातारी आणि तिच्याजवळ शाळेसाठी ठेवलेली दोन नातवंडं. मोजणीचा नियम असा की जो माणूस त्या पूर्ण काळात बाहेर आहे तो गावात धरायचा नाही, जिथं आहे तिथं धरायचा. म्हणजे आमची माणसं मोजली गेली असतील तर कुठल्यातरी कारखान्याजवळच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत), आणि त्यांचा आकडा गेला त्या गावाला, ज्या गावाला डांबरी रस्ता आधीच आहे. दिवाळीत येऊन मोजा ना, पाचशेच्या वर सहज भरतील.

जनगणनेच्या पुस्तकात प्रत्येक गावापुढं बसची सोय लिहिलेली असते, गावात नसेल तर किती लांब, 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, का 10 च्या पुढं. आमचा फाटा 7 किलोमीटरवर, म्हणजे मधला रकाना. पण त्या रकान्यात ओढा येत नाही. मागच्या पावसाळ्यात भावजयीला कळा सुरू झाल्या, अॅम्ब्युलन्स फाट्यावर आली पण चिखलातून पुढं येईना, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला नेलं, मी मागं बसून तिच्यावर ताडपत्री धरली होती आणि ओढ्यात ट्रॉली कलली तेव्हा तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ दोन दिवस होते. बाळ बरंय, देवाची कृपा.

बायांना 2023 पासून एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे, चांगल्याच योजना आहेत, पण आमच्या म्हाताऱ्या माणसानं त्यासाठी आधी 7 किलोमीटर चालायचं. गाडी गावात आणा म्हटलं की रस्ता नाही म्हणतात, रस्ता मागितला की लोकसंख्या नाही.

आणि आता परत तेच होणार आहे. पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून आहे, म्हणजे माणसं मोजणार परत फेब्रुवारीतच. देशाची तारीख आमच्यासाठी बदलणार नाही हे कळतं. पण ग्रामसेवकानं ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं सरकारनंच ठरवलंय, तर ती नोंद प्रत्येक वाडीत पूर्ण करा आणि रस्त्यासाठी वस्तीची लोकसंख्या धरताना हंगामाला बाहेर गेलेली माणसं त्या यादीवरून गावात मिळवा. एवढं केलं तरी आमच्यासारख्या कितीतरी वाड्या पाचशेच्या पार जातील.

तुमच्या वार्ताहराला एकदा दिवाळीच्या आधी, कोयते निघायच्या अगोदर इकडं पाठवा. फाट्यावर मी मोटारसायकल घेऊन थांबतो.

आपला,
एक वाचक, जि. बीड