नांगरवाल्याचं काय करशील?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

वादस्पर्धेत तू ‘जाहिरातींवर बंदी हवी’ या बाजूने बोलणार, असं आईकडून कळलं. जरूर बोल. पण समोरच्याने किर्लोस्करांचा नांगर काढला तर काय उत्तर देशील, ते आधी ठरव.

लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लाकडीपेक्षा खोल जाणारा, टिकाऊ. तरी पहिले चाळीस खपायला दोन वर्षं गेली, कारण लोखंडाचं विष जमिनीत उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत! माल उत्तम, गरजही होती, फक्त ते पटवून कोण देणार? पुढे १९१० मध्ये कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती मुळात कारखान्याच्या मालाची ओळख करून द्यायला. गंमत बघ, त्या खबरपत्राचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि १९३० मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघालं. तुझी पणजी ते अंक शेजारणींकडून मागून आणायची.

जाहिरातीचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो, हा तुझा मुद्दा बरोबर आहे. पण उद्या बंदी आली तर फावेल कुणाचं? ज्याचं नाव आधीच घरोघरी पोचलंय त्याचं. करसनभाई पटेल १९६९ मध्ये अहमदाबादेत सायकलवरून निरमा विकायचे. पावडर स्वस्त होतीच, पण ती देशभर माहीत झाली जाहिरातीतल्या गाण्यामुळे. मग बड्या कंपनीलाही स्वस्त पावडर काढावी लागली.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी, तरी गुटख्याच्या नावाची ‘वेलची’ टीव्हीवर मोठमोठे नट चघळतात. वेलचीसाठी एवढा पैसा कोण ओततो गं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो जाहिरातीत झळकणाऱ्या नटालाही होऊ शकतो. तुझं भाषण इथून सुरू कर. सरसकट बंदी मागितलीस तर वेलचीवाल्याचं काही बिघडत नाही, त्याचं नाव केव्हाच रुजलंय. अडतो तो नवा नांगरवाला.

बाजू बदलता येत नसेल तर निदान ‘बंदी’ऐवजी ‘निर्बंध’ चालतील का, ते परीक्षकांना विचारून घे. आईने चकली पाठवली आहे, डबा परत आण.

तुझा,
बाबा