आवाज कुठे अडला आहे, ते आधी पाहू

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप वाचला. लॅपटॉपवर लिनक्स टाकल्यापासून स्पीकर मुके झाले आहेत, हेडफोन लावला की मात्र आवाज येतो, आणि शनिवारी वर्गातल्या मुलांना कविता ऐकवायची राहून गेली, हे कळले. आता सगळे पुसून पुन्हा विंडोज टाकावे असे तुझ्या मनात आले आहे, म्हणून हे पत्र लगेच लिहीत आहे. कृपा करून तसे करू नकोस.

तुमचे शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चारीवर, तेही अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटूनही पाणी आले नाही की काका धरणाला बोल लावत बसत नसत. सायकल काढून चारीच्या कडेने वर वर जात आणि कोणत्या दारापर्यंत पाणी आहे नि कुठून पुढे नाही, एवढे पाहून येत. आवाजाचेही तसेच आहे. गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधून आवाज निघतो, तो पाइपवायर या आवाज पुढे पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमकडे (जुन्या लिनक्समध्ये पल्सऑडिओकडे) जातो, तिथून कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, अल्साकडे (साउंड चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरांकडे), मग साउंड चिपकडे, आणि शेवटी ॲम्प्लिफायरमधून स्पीकरकडे. यांपैकी एक दार बंद असले तरी स्पीकर कोरडा राहतो.

तुझ्याकडे हेडफोन वाजतो, ही फार मोलाची खूण आहे. प्रोग्रॅम, पाइपवायर, ड्रायव्हर आणि साउंड चिप हे सगळे चालू आहेत, असा तिचा अर्थ होतो, आणि अडचण अगदी शेवटच्या टप्प्यात उरते. म्हणून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'अल्सामिक्सर' (alsamixer) लिही आणि एफ ६ दाबून खरे साउंड कार्ड निवड, कारण पुष्कळदा यादीत एचडीएमआयचे (टीव्ही किंवा बाहेरचा पडदा जोडायच्या वाटेचे) कार्डही असते आणि आपण त्याचीच पट्टी वरखाली करत बसतो. मग 'स्पीकर' नावाच्या पट्टीखाली पाहा. तिथे दोन एम दिसले तर तो आवाज बंद केलेला आहे. एम दाबलास की त्यांच्या जागी दोन शून्ये येतील. उजवीकडे सरकत गेलास तर बऱ्याच लॅपटॉपांवर 'ऑटो-म्यूट मोड' सापडतो. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करणे, हे त्याचे काम. ते 'डिसेबल्ड' करून पाहा.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण मागच्या वर्षी माझ्या लॅपटॉपचे नेमके हेच झाले होते. दुरुस्तीच्या एका दुकानात स्पीकर जळाल्याचे सांगून नवे बसवले, पैसे घेतले, आणि आवाज काही आला नाही. घरी येऊन शांतपणे पाहिले, तर हेडफोनच्या खाचेत धूळ बसली होती आणि हेडफोन लावलेलाच आहे, असे यंत्राला वाटत होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ तुला ठाऊक आहेच. काहीही न लावता ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'हेडफोन' निवडलेला दिसत असेल, तर लॅपटॉप बंद कर आणि खाच कोरड्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ कर. सुई किंवा टाचणी मात्र आत घालू नकोस.

एवढे झाल्यावर 'स्पीकर-टेस्ट' ही आज्ञा दोन चॅनेल देऊन (speaker-test -c 2) चालव, म्हणजे डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा वाजेल. आवाज आला, तर 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' (sudo alsactl store) करून तो बदल जतन कर, नाहीतर पुढच्या वेळी तो टिकेलच असे नाही.

शाळेतल्या दुसऱ्या लॅपटॉपवर हेडफोनही वाजत नाही आणि 'डमी आउटपुट' (म्हणजे खरे साउंड कार्ड सापडलेच नाही) एवढेच दिसते, असे तू लिहिले आहेस. ते दुखणे निराळे आहे. तिथे 'एप्ले' आज्ञेला उणे चिन्ह आणि लहान एल जोडून (aplay -l) कार्डांची यादी पाहा. यादी रिकामी असेल आणि यंत्र अलीकडच्या इंटेल प्रोसेसरचे असेल, तर साउंड ओपन फर्मवेअरचे (साउंड चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पॅकेज बसवलेले नसण्याची शक्यता मोठी; डेबियन या लिनक्सच्या प्रकारात त्याचे नाव 'फर्मवेअर-सोफ-साइन्ड' (firmware-sof-signed) असे आहे. काही नव्या, पातळ लॅपटॉपांत स्पीकरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर चिप असते आणि तिला नवा कर्नल लागतो, पण तुझे यंत्र जुने असल्याने त्या वाटेला जाण्याची गरज नाही.

यातून काहीच साधले नाही, तर लिनक्सच्या एखाद्या नव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह करून, काहीही न बसवता, त्यावरून लॅपटॉप सुरू कर. तिथे स्पीकर वाजले, तर ते शाबूत आहेत आणि दोष तुझ्या सेटिंगमध्ये आहे, हे नक्की होईल. तिथेही वाजले नाहीत, तरी स्पीकर जळाले असे लगेच समजू नकोस. कार्डांच्या यादीचा आणि अल्सामिक्सरचा फोटो मला पाठव. रविवारी दिवसभर मी घरीच आहे, तेव्हा फोनवर बसून एकेक दार पाहू. येत्या शनिवारच्या आत मुलांना कविता ऐकू यावी, अशी माझी फार इच्छा आहे.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा मित्र