गुडघे दुखतात म्हणून लिव्हरला सुट्टी नाही

प्रिय सुध्या,

रिपोर्ट वाचला. ग्रेड २ फॅटी लिव्हर म्हणून एक डॉक्टर म्हणतात रोज चाला, आणि गुडघ्यांचे डॉक्टर म्हणतात जिने-चढ बंद. दोघांचं ऐकायचं म्हणून तू सोफ्यावर बसून राहिलास, हे काही खरं नाही.

अरे, तू चाललास की पोहलास, लिव्हरला काय त्याचं! स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनला जोर येतो आणि लिव्हरमध्ये साठणारी चरबी कमी होते. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत धाप लागली की झालं. घरातली सायकल चालेल, सीट जरा उंच ठेव. पोहता येत नसेल तर छातीभर पाण्यात चाल, गुडघ्यांवर भारच येत नाही फारसा.

पण तुझ्यासाठी खरी गंमत ताकदीच्या व्यायामात आहे. खुर्चीवर ताठ बस, एक पाय समोर सरळ कर, पंजा स्वतःकडे ओढ आणि पाच आकडे मोजेपर्यंत धर. मांडीचा पुढचा स्नायू थरथरायला लागला की समज बरोबर चाललंय. तोच स्नायू पुढे गुडघा सांभाळतो. मग भिंतीला हात टेकून जोर मार, खिडकीच्या गजाला रबरी बँड अडकवून ओढ. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. श्वास मात्र कोंडायचा नाही, तुझं बीपी आहे. सूर्यनमस्काराचा हट्ट सध्या सोड.

काट्यावर रोज चढू नकोस. वजन फारसं न हलताही व्यायामाने लिव्हरमधली चरबी उतरते. अर्थात उतरलं तर सोन्याहून पिवळं: तुझ्या ८० किलोतले चार गेले तरी चरबीत फरक पडतो, लिव्हरची सूज उतरायला मात्र सहा ते आठ जावे लागतात. त्यासाठी ताटाकडे बघावं लागेल, आणि चहातल्या साखरेकडे आधी.

आणि तो गुळवेलीचा काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नकोस. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत.

पुढच्या वेळी फायब्रोस्कॅनचं विचार, लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी असते ती. लिव्हर किती कडक झालंय ते सोनोग्राफीच्या ग्रेडवरून कळत नाही. रिपोर्ट आला की फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या