ओंकारच्या झोपेविषयी

मेलबर्न
श्रावणातला रविवार

सौ. वहिनीस सप्रेम नमस्कार. दादालाही सांग.

तुझा मेसेज दोनदा वाचला. ओंकारला बायपोलर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात सगळे दबक्या आवाजात बोलतात, हे वाचून पोटात कालवलं. मन कधी फार वर तर कधी फार खाली नेणारा हाच आजार मलाही आहे हे तुला ठाऊक आहे, पण त्याच्याबरोबर रोजचा दिवस कसा काढते ते मी कधी नीट सांगितलं नाही. ते आता लिहिते.

सगळ्यात आधी झोप. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, तिला धक्का लागू देऊ नका. इतरांना जागरणाने थकवा येतो. आमच्यात जागरणाने मॅनिया, म्हणजे मन बेफाम वर चढणं, सुरू होऊ शकतो. तीन तास झोपूनही पोरगा ताजातवाना उठला की घरच्यांना वाटतं, बरा झाला. खरं तर तेव्हाच सावध व्हायचं असतं. मी साडेदहाला दिवा मालवते आणि सुट्टीच्या दिवशीही साडेसहाला उठते. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

म्हणून गणपतीचं आत्ताच बोलून ठेवा. लालबागचं पोर, त्याला मंडळापासून तोडू नका. त्याचे सगळे मित्र तिथेच आहेत. सजावटीच्या रात्री मात्र नकोत. दिवसा रांग सांभाळावी, पावत्यांच्या टेबलावर बसावं. विसर्जनाची मिरवणूक गिरगावला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. त्याने सकाळी निघताना मनसोक्त नाचावं आणि संध्याकाळी बदलापूरला मावशीकडे झोपायला जावं. खिडकीखाली ढोल-ताशे वाजत असताना ‘झोप रे’ म्हणून काय उपयोग? मित्रांना काय सांगायचं ते त्याचं त्याला ठरवू दे. ‘औषध चालू आहे, जागरण चालत नाही’ एवढं पुरतं.

आता गोळ्या. तुला लिथियमच्या नावाची भीती वाटते. मॅनियावर लिथियम चालतं हे जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली याच मेलबर्नमधून जगाला सांगितलं, आणि आजही ते पहिल्या फळीतलं औषध आहे. पण त्याची शिस्त आहे, आणि ती तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत येते. मूत्रपिंडं लिथियमला मिठासारखंच वागवतात. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठू लागतं. म्हणून निर्जळी उपास नको. दादाच्या बीपीसाठी तू अळणी रांधायला घेतलंस तर ओंकारच्या ताटातलं मीठ एकाएकी कमी करू नकोस, आधी त्याच्या डॉक्टरांना विचार. पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर ‘बघू उद्या’ न म्हणता त्याच दिवशी फोन. अंग दुखलं म्हणून ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नकोस, त्यानेही लिथियमची रक्तातली लेव्हल चढते. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, चाल डगमगली, जीभ जड झाली तर थेट कॅज्युअल्टी गाठा. लेव्हल तपासायची तर रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. थायरॉइड आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची तपासणी, डॉक्टर अधूनमधून सांगतीलच. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळे.

तू जिथे दुधाचे खाडे मांडतेस तसं दुसरं कालनिर्णय त्याच्या खोलीत लाव. रोजच्या चौकटीत किती तास झोप झाली आणि मन वर होतं की खाली, एवढंच त्याने लिहायचं. त्यानेच, तू नाही. महिन्याभरात त्याला स्वतःलाच दिसू लागेल की काय केल्यावर काय होतं. डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून न्या.

वहिनी, एक गोष्ट लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते. तो हसला की तू दादाकडे बघतेस, असं तूच लिहिलं आहेस. ते नको करूस. मला वर्षानुवर्षं कुणी मोकळं हसू दिलं नव्हतं. प्रत्येक आनंदावर ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न यायचा. त्याला शांतपणे विचारा की आजार वर चढताना कोणत्या दोन खुणा दिसतात आणि त्या दिसल्या तर कुणी बोललेलं चालेल. तो एका माणसाचं नाव घेईल. मग त्या माणसानेच बोलायचं, बाकी घराने गप्प राहायचं. चांगल्या दिवसांत यूपीआयची मर्यादाही त्याच्याकडूनच कमी करून घ्या. मोठी खरेदी असेल तर मध्ये दोन रात्री जाऊ द्यायच्या.

खालच्या दिवसांत उपदेश नको. आंघोळ, गॅलरीतलं सकाळचं ऊन, ठरल्या वेळी चहा, खाली जाऊन दूध आणणं, एवढं झालं तरी दिवस झाला. मरणाचं बोलला तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, एकटं सोडू नका, गोळ्यांची पाकिटं तुझ्या कपाटात ठेव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. तो फ्रीजवर चिकटव.

लग्न लावून द्या, सुधारेल, असं म्हणणाऱ्यांना चहा द्या आणि निरोप द्या.

तो स्थिर असतानाच एक कागदही करून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सज्ञान माणसाला हक्क दिला आहे: आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. कागद कसा करायचा ते डॉक्टरांना विचारा. तुम्हा दोघांना ऐन वेळी भांडावं लागणार नाही, आणि त्याचा शब्द राहील.

मी रविवारी तुमच्या साडेतीनला फोन करेन, तेव्हा इथे रात्रीचे आठ वाजतात. त्याहून उशिरा मी बोलत नाही. त्याला माझ्याशी बोलावंसं वाटलं तर बोलू दे, नाही वाटलं तर आग्रह नको. हे पत्र मात्र त्याच्या पाठीमागे वाचू नका. त्याच्या हातात दे, काय पटत नाही ते तो खोडून टाकेल.

तुझी,
नणंद