मंदीत स्वस्त मिळणारा बंगला आणि न तपासलेली कागदपत्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटकांचा ओघ आटला की पाचगणी, भिलार, महाबळेश्वर या पट्ट्यातले भाड्याने देण्याजोगे बंगले विक्रीला निघतात, हे वाई परिसरात राहणारे आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत. 2020च्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची, तर मार्च 2021 अखेरपर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक कुटुंबांना भाव उतरले आहेत तोवर घेऊन टाकावे असे वाटणे स्वाभाविक होते. त्यानंतरही धंदा मंदावला की 'हीच संधी' अशा जाहिराती पुन्हा दिसू लागतात. मंदीत बंगल्याची किंमत उतरते, पण जमिनीच्या कागदांतला दोष जागच्या जागी राहतो, ही गोष्ट मात्र या जाहिरातींत कुठेही नसते, म्हणून हे पत्र.

महाबळेश्वरातले ब्रिटिश काळापासूनचे कित्येक बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. अशा मिळकतीत पट्ट्याची मुदत केव्हा संपते, नूतनीकरण झाले आहे काय, पट्टा निवासासाठी आहे की व्यवसायासाठी, आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते काय, हे पट्ट्याची मूळ प्रत वाचल्याशिवाय कळत नाही. निवासासाठी दिलेल्या जागेत पर्यटक ठेवले आणि शर्तभंगाची नोटीस आली, तर ती नव्या मालकाच्या दारावर लागते. गावठाणाबाहेरच्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बिगरशेती आदेश किंवा आवश्यक ती परवानगी नसलेल्या जमिनीवर 'फार्महाउस' म्हणून बांधलेले घर कितीही देखणे असले तरी ते पाडले जाण्याची टांगती तलवार कायम राहते. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना (कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क वगैरे) आणि भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) ही नोंद ग्राहकाने स्वतः वाचावी; दलालाने मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला म्हणजे मालकी निर्वेध ठरली, हा समज फार रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. तिथे दस्ताची नोंद होते, विकणाऱ्याचा हक्क खरा असल्याची हमी मिळत नाही. त्यासाठी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, करून घ्यावी लागते.

त्यात हा सारा परिसर जानेवारी 2001 पासून केंद्राच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वृक्षतोड, भूजल उपसा, डोंगरउतारावरील बांधकाम यांवर इथे निर्बंध आहेत. मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवू, एक बोअर घेऊ, म्हणजे भाडे वाढेल, असे गृहीत धरून केलेला हिशेब इथे टिकत नाही.

उत्पन्नाच्या आकड्यांबाबतही सावध राहायला हवे. समजा, 80 लाखांच्या बंगल्यासाठी 50 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे 45,000 रुपये, म्हणजे वर्षाला 5 लाख 40 हजार होतो. जून ते सप्टेंबर धंदा जवळजवळ बसलेला असतो. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि चांगले शनिवार-रविवार धरून मंदीच्या वर्षात 60 रात्री भरल्या आणि रात्रीला 10,000 रुपये मिळाले, तर 6 लाख जमा होतात. बुकिंग करून देणाऱ्या संकेतस्थळाचे 15 टक्के कमिशन आणि राखणदाराचा महिना 15,000 रुपये पगार वजा जाता हातात 3 लाख 30 हजार राहतात. वीजबिल, धुलाई, मालमत्ता कर अजून द्यायचेच आहेत. विकणारा दाखवतो ती जमाखर्चाची वही भरभराटीच्या वर्षाची असते. ग्राहकाने सर्वांत वाईट वर्षाची वही मागावी आणि तिच्यावरूनच किंमत ठरवावी.

पावसाचा खर्च तर शहरातल्या माणसाच्या कल्पनेत येतच नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मे संपण्याआधी भिंतींना झड लागू नये म्हणून गवताचे किंवा प्लास्टिकचे आच्छादन बांधावे लागते, पत्र्यांचे हूक आणि पन्हळी तपासाव्या लागतात, गाद्या उचलून कोरड्या खोलीत रचाव्या लागतात. एवढे करूनही ऑक्टोबरात दार उघडले की कपाटाच्या पाठीवर बुरशीचा हिरवा थर असतो आणि लाकडी चौकटी फुगून बसलेल्या असतात. जुलै 2021 मध्ये तर 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि आंबेनळी घाटात दरडी येऊन पोलादपूरकडचा रस्ता बंद झाला. अशा वेळी मालक पुण्यात असतो आणि बंगला सांभाळतो तो राखणदार आणि त्याची बायको. मंदी आली की सर्वांत आधी त्यांचाच पगार थांबतो, हे मला फार खटकते. ज्याला धंदा नसलेल्या महिन्यांतही हा पगार देणे झेपणार नाही, त्याने अशी खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिल्हा प्रशासनाने आणि महाबळेश्वर व पाचगणी या दोन्ही नगरपालिकांनी भाडेपट्ट्यांची सद्यस्थिती, परवानगी असलेली बांधकामे आणि नोटीस बजावलेल्या मिळकती यांची यादी संकेतस्थळावर गट क्रमांकासह ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ती अद्ययावत करावी. आपल्या दैनिकानेही मालमत्ता पुरवणीत अशी जाहिरात घेताना गट क्रमांक आणि बिगरशेती आदेशाचा किंवा भाडेपट्ट्याचा तपशील छापणे जाहिरातदाराला बंधनकारक करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वाई